दोन भाषांमधली सीमा: वेब पानात फंक्शनल मॉड्यूल कसं शिरलं

पेट पास झाल्यावर सगळ्यांत जास्त छळणारा प्रश्न म्हणजे 'विषय कुठला घेऊ?' प्रोग्रामिंग भाषांवर काम करायचं असेल तर एक अरुंद पण कसदार जागा सांगते. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं, चालू असलेलं वेब ॲप्लिकेशन घ्या आणि त्यात फंक्शनल भाषेतलं एकच मॉड्यूल बसवा. दोन भाषांच्या मध्ये जी सीमा तयार होते, ती तुमची जागा.

आमच्या पैठणला ही गोष्ट मागावर दाखवता येते. पैठणीत काठाचा आडवा धागा वेगळ्या रंगाचा असेल तर तो अंगाच्या आडव्या धाग्यात सीमेवर अडकवतात. तिथे अडकवलं नाही तर फट राहते. काठ सुंदर आहे, अंगही सुंदर आहे, पण कसब लागतं ते मधल्या त्या जोडात.

आता इतिहास. १९९५ मध्ये नेटस्केपने ब्रेंडन आइकला घेतलं ते ब्राउझरमध्ये स्कीम ही फंक्शनल भाषा आणायच्या बोलीवर. मग ठरलं की भाषा दिसायला जावासारखी हवी. पहिला नमुना दहा दिवसांत झाला. रूप जावाचं आलं, पण फंक्शनला मूल्यासारखं हाताळायची स्कीमची सवय आत राहिली. पुढे फंक्शनल भाषांचं भाषांतर जावास्क्रिप्टमध्ये करणं तुलनेने सोपं गेलं, त्याला हेही एक कारण.

२०१२ मध्ये इव्हान झाप्लिकीने हार्वर्डमध्ये एल्म भाषा मांडली, तीही पदवीच्या प्रबंधात. (आपण सिनॉप्सिसच्या फॉरमॅटवरच सहा महिने घालवतो, ते सोडा.) एल्ममध्ये पूर्ण ॲप लिहिता येतं, पण चालू ॲप मोडून कोण लिहिणार? म्हणून पानातला एक रिकामा डिव्ह एल्मला द्यायचा, तेवढाच भाग एल्म सांभाळणार. बाहेरच्या जावास्क्रिप्टशी बोलायचं ते 'पोर्ट' नावाच्या खिडकीतूनच. आत येणारं मूल्य खिडकीवर तपासलं जातं. आकड्याच्या जागी मजकूर आला तर तिथेच अडवलं जातं.

फेसबुककडचा रस्ता उलटा होता. रिॲक्टचा सुरुवातीचा नमुना जॉर्डन वॉकीने स्टँडर्ड एमएल या फंक्शनल भाषेत केला होता. २०१३ मध्ये लोकांसमोर आलं ते मात्र जावास्क्रिप्टमध्ये. २०१६ मध्ये रीझन आली, म्हणजे ओकॅमल भाषेचं नवं लिखित रूप. तिचा कोड ब्लूमबर्गमध्ये जन्मलेल्या बकलस्क्रिप्टमधून जावास्क्रिप्टमध्ये उतरायचा. इथे सीमेवर तपासणी नव्हती: बाहेरच्या फंक्शनचा टाइप तुम्ही लिहायचा आणि कंपायलरने त्यावर विश्वास ठेवायचा. वेग मिळतो. टाइप चुकीचा लिहिला तर मात्र चूक आत कुठेतरी दूर उगवते.

सप्टेंबर २०१७ मध्ये रीझनच्या टीमने लिहिलं की मेसेंजरच्या वेबसाइटचा निम्मा कोड रीझनमध्ये आला आहे. आधी बगच्या तक्रारी रोज यायच्या, आता वर्षभरात एकूण १०. हा आकडा प्रेझेंटेशनमध्ये टाकायचा मोह होईल. पण विचारा: तुलनेला दुसरा गट होता का? तोच कोड जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिला असता तरी बग कमी झाले नसते का? दावा करणारे भाषेचे कर्तेच आहेत. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. त्यातून कार्यकारण निघत नाही, एवढंच.

सीमा कोणाच्या हातात, यावरून भांडणही झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये एल्म ०.१९ आली आणि एल्ममधून थेट जावास्क्रिप्ट वापरायची आडवाट सर्वसामान्य प्रकल्पांना बंद झाली. भाषेने दिलेली सुरक्षिततेची हमी टिकावी हा हेतू. ज्यांचा कोड त्या आडवाटेवर उभा होता, ते ०.१८ वरच अडकले. मला निर्णय तर्काला धरून वाटतो, पण अंमलबजावणी कठोर.

याचा सिद्धांत आधीच तयार होता. २००७ मध्ये मॅथ्यूज आणि फाइंडलर यांनी एमएल आणि स्कीम यांच्यासारख्या दोन भाषा एकत्र ठेवून सीमेचं गणित मांडलं. एक पद्धत अशी: परकं मूल्य बंद पुडक्यासारखं आत घ्यायचं, उघडायचं नाही. दुसरी: सीमेवरच त्याचं रूपांतर करायचं. आकड्याचं रूपांतर सोपं. फंक्शन आलं की पंचाईत, कारण ते आत्ता तपासता येत नाही. त्याला वेष्टण घालून प्रत्येक वेळी वापरताना तपासावं लागतं. एल्मच्या पोर्टमधून फंक्शन पाठवता का येत नाही, ते आता लक्षात येईल.

आणि त्या वेष्टणाची किंमत? २०१६ मध्ये ताकिकावा आणि सहकाऱ्यांनी टाइप्ड रॅकेटमध्ये ती मोजली. प्रोग्राममधली कुठली मॉड्यूल्स टाइप असलेली, कुठली नसलेली, याच्या सगळ्या जोड्या करून पाहिल्या. काही जोड्यांत प्रोग्राम १०० पटींहूनही मंद झाला. पूर्ण टाइप असलेलं किंवा अजिबात नसलेलं टोक एवढं वाईट नव्हतं, वाईट होती मधली अवस्था. आणि चालू ॲपमध्ये एकेक मॉड्यूल बसवणारी टीम याच मधल्या अवस्थेत वर्षानुवर्षं राहते.

सुरुवात करायची तर एक छोटं पान घ्या, दोन मॉड्यूल्सचं. सीमा एकदा बटणापाशी ठेवा, एकदा पूर्ण फॉर्मभोवती, आणि एका क्लिकमागे ती किती वेळा ओलांडली जाते ते मोजा.