कॅसेटमधला खरखराट आणि आमचा इतिहास

वडील शाळेत गेले नाहीत. त्यांच्या ट्रंकेत भीमगीतांची एक कॅसेट सापडली. पूर्णेच्या वस्तीत एका रात्री झालेल्या गायनाची ती नकलेची नक्कल. गाण्याआधी खरखर ऐकू येते, मग हलगी, मग आवाज.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. मधल्या सोळा वर्षांचा इतिहास शोधताना मला ठराव मिळाले, बातम्या मिळाल्या. वस्ती त्या काळात काय गात होती, हे कागदांनी सांगितले नाही. ते या फितीने सांगितले.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. तबकडी विकत घ्यावी लागे; कॅसेट घरच्या घरी भरता येई. प्रत्येक नकलेत वरचे सूर थोडे झिजत, खरखर वाढे. गाणे असे झिजत आले. पण आमच्या दारापर्यंत आले, हे विसरून चालणार नाही.

एका विद्यार्थ्याने ती फीत एमपीथ्री करून मोबाइलवर घातली. एमपीथ्रीत, कानाला जाणवणार नाही असे मानलेले आवाज गाळले जातात. मग त्याने यंत्राने खरखरही पुसली. गायक स्वच्छ ऐकू आला. पण मागून झील धरणाऱ्या बाया जवळजवळ नाहीशा झाल्या. यंत्राला त्या खरखरीसारख्याच वाटल्या. यंत्राला जात नसते, हे खरे. पण आमच्या आयांचा आवाज टाकाऊ ठरतो, तेव्हा इतिहासकाराने जागे राहायला हवे.

भीमराव कर्डकांनी १९३०च्या दशकात जलसे गाजवले. त्यांचे शब्द पुस्तकांत वाचता येतात. त्या मंडपांतला हशा मला ऐकता येत नाही. जे टिपलेच नाही, ते कोणतेही तंत्र परत आणत नाही.

म्हणून मित्रहो, हाती असलेली सर्वांत जुनी फीत शोधा. तिची एक प्रत काहीही न गाळता, सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन, संगणकात ठेवा. मिनिटाला सुमारे १० मेगाबाइट जागा लागेल. फ्लॅक पद्धतीने ती काहीही न गमावता बरीच कमी होते. ऐकण्यासाठी वाटायची प्रत हवी तशी स्वच्छ करा; मूळ प्रतीला हात लावू नका. सोबत कवी, गायक, गाव आणि तारीख लिहा. झील धरणाऱ्या बायांची नावेही विचारा. सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत.