राजनांदगावची वाट आणि मराठी नाताळ

ख्रिस्तजन्माच्या सणाला मराठीत रूढ असलेला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. त्या जन्माची पहिली थोर मराठी कथाही गोव्याच्याच वाटेने आली. १५७९ साली गोव्यात उतरलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ओवीचा छंद आणि पुराणाचा घाट त्याने इतक्या सहजतेने पेलला आहे की, ग्रंथकर्ता परदेशी असल्याचा क्षणभर विसर पडावा. परंतु ती धर्मोपदेशकाची वाणी आहे. श्रोत्याने आशा का बाळगावी, हे तेथे सांगितलेले असते; ती एखाद्या मराठी माणसाच्या अंतःकरणात कशी अंकुरते, हे त्याच्याच साक्षीने पाहावयाचे, तर पावणेतीनशे वर्षे पुढे यावे लागते.

आणि, प्रस्तुत लेखकापुरते बोलावयाचे, तर फार दूर जावे लागत नाही. भिलाईच्या सेक्टर २ मध्ये नाताळच्या रात्री मल्याळम, तेलुगू, हिंदी अशी अनेक भाषांतील गीते कानी येतात, मराठी क्वचितच. तरीही दुर्गजवळून जाणाऱ्या मुंबई–हावडा लोहमार्गावर, येथून पश्चिमेस काही कोसांवर असलेल्या राजनांदगावशी मराठी ख्रिस्ती साहित्याचे नाते जडलेले आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून त्या संस्थानात नोकरीसाठी निघाले असता, आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते तेव्हा विलक्षणच वाटले असले पाहिजे. पण गिरिप्रवचनाने त्यांची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथवरची कथा चरित्रकारांना प्रिय आहे. टीकाकाराने मात्र येथे थांबू नये. टिळकांना जी आशा लाभली, तीच लक्ष्मीबाईंच्या वाट्यास प्रथम आकांत होऊन आली. ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ पासून भागशः प्रसिद्ध) हा ग्रंथ श्रद्धावान स्त्रीने लिहिला असूनही त्या दिवसांतील दुःखाला कोठेही सोज्वळ रूप दिलेले नाही. पतीचा विरह, आप्तांचा आक्रोश, विटाळाचे भय, सारे जसेच्या तसे आहे. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळे सांभाळूनच. जातिभेद माणसांनीच निर्माण केला, हा निश्चय त्यांच्या मनात झाला, तो ग्रंथ वाचून नव्हे, तर स्वयंपाक आणि पाणी यांचा रोजचा झगडा सोसून. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांची आशा कवीची, एका वाचनाने उजळलेली. लक्ष्मीबाईंची चुलीपाशी, इंचाइंचाने कमावलेली. लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळेत जागा न मिळालेल्या मातेपासून ख्रिस्तजन्माची कथा सुरू होते. तिच्या जवळची मला ही दुसरी आशा वाटते.

टिळक १९१९ साली वारले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या काही अध्यायांपाशीच थांबले होते. रीतसर शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले, आणि त्याचे बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. गाडीत मिळालेल्या ज्या पुस्तकाने त्यांचे घर एकदा मोडले होते, त्यातील कथा त्या आपल्या उतारवयात पद्यात रचीत बसल्या. १९३६ साली त्या गेल्या. काव्य छापून निघाले ते त्यानंतर, पुत्र देवदत्त टिळकांच्या हातून.