रोमन प्रजासत्ताकांतील ‘डिक्टेटर’ : एका पदाचा व दोन शिलालेखांचा विचार

१. ‘डिक्टेटर’ या लॅटिन पदनामास मराठींत ‘हुकूमशहा’ हा प्रतिशब्द रूढ झाला आहे. तो सोईचा असला तरी इतिहासाच्या अभ्यासकास फसविणारा आहे. त्यांतील उत्तरपद ‘शहा’ म्हणजे राजा. आणि मूळ पद तर अशा राष्ट्रांत जन्मास आलें कीं, जेथें ‘राजा’ हा शब्द शिवीप्रमाणें मानला जात असे. परंपरेप्रमाणें इ. स. पू. ५०९ मध्यें रोमनांनीं आपला शेवटचा राजा टार्क्विनिअस यास घालवून दिलें व दरसाल दोन कॉन्सल निवडण्याचा प्रघात पाडला. त्यानंतर दहाबारा वर्षांच्या आंतच डिक्टेटराचें पद निर्माण झालें असें तेथील इतिहासकार सांगतात. १९३० सालच्या सविनय कायदेभंगांत काँग्रेसचे पुढारी एकामागून एक तुरुंगांत जाऊं लागले, तेव्हां त्यांच्या जागीं काम पाहणाऱ्या इसमांस ‘डिक्टेटर’ म्हणत. संकटापुरता व कामापुरता अधिकार हा जो मूळ अर्थ, त्यास तो प्रयोग पुष्कळच जवळचा होता. प्रस्तुत लेखांत हें पद मूळांत कसें होतें हें थोडक्यांत सांगून, त्याविषयींच्या साधनांत जे दोन विरोध आढळतात त्यांचा विचार करावयाचा आहे.

२. नांवाची व्युत्पत्ति. लॅटिन ‘डिक्’ हा धातु व आपला ‘दिश्’ धातु हे एकाच कुळांतले. आदेश, निर्देश, उपदेश हे शब्द ज्या धातूपासून झाले, त्यापासूनच ‘डिक्टेटर’. परंतु तो आदेश देणारा म्हणून डिक्टेटर, कीं कॉन्सलानें त्याचा निर्देश केला म्हणून डिक्टेटर, याविषयीं प्राचीनांतच मतभेद होता. सिसेरो दुसरा पक्ष घेतो. आणि शकुनज्ञांच्या पोथ्यांत या अधिकाऱ्यास ‘लोकसेनेचा स्वामी’ अशा अर्थाचें निराळेंच नांव आहे, असेंही तो आपल्या राज्यविषयक ग्रंथांत नमूद करतो. या ग्रंथाची कथा पोथ्या जमविणारांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्याची एक जुनी चर्मपत्रावरील प्रत कोणीं खरवडून तिजवर संत ऑगस्टीनचें स्तोत्रांवरील भाष्य लिहून काढलें होतें. १८१९ सालीं व्हॅटिकनच्या ग्रंथालयांत अँजेलो माई यास त्या भाष्याच्या अक्षरांखालीं पुसट झालेला सिसेरो सांपडला व १८२२ त तो छापून निघाला. डिक्टेटराच्या हाताखालील अधिकाऱ्यास ‘अश्वसेनाधिपति’ म्हणत. पायदळाचा स्वामी एक व घोडदळाचा दुसरा, अशी ही मूळची जोडी दिसते.

३. नेमणूक व मर्यादा. हा अधिकारी लोकांच्या मतांनीं निवडला जात नसे. सीनेट सल्ला देई, आणि दोहोंपैकीं एक कॉन्सल रात्रीच्या निःशब्द वेळीं शकुन पाहून त्याचें नांव उच्चारी. त्याच्यापुढें चोवीस दंडधारी चालत, म्हणजे दोन्ही कॉन्सलांचे मिळून जितके तितके. इतर अधिकारी आपापल्या जागीं राहत, पण त्याच्या आज्ञेंत. मुदत फार तर सहा महिने. आणि ज्या कामासाठीं नेमणूक झाली तें आटोपतांच पद सोडावें, अशी रीत. घोड्यावर बसावयाचें झाल्यास मात्र या सर्वाधिकाऱ्यास लोकांची परवानगी मागावी लागे! सिन्सिनॅटस याची गोष्ट प्रसिद्ध आहे. इ. स. पू. ४५८ मध्यें टायबर नदीपलीकडील आपल्या लहानशा शेतांत तो राबत असतां त्यास बोलावणें आलें; त्यानें वेढ्यांत सांपडलेलें कॉन्सलाचें सैन्य सोडविलें व सोळाव्या दिवशीं पद टाकून तो परत गेला.

परंतु या संस्थेचें मर्म दुसऱ्या एका प्रसंगांत अधिक दिसतें. पापिरिअस कर्सर हा डिक्टेटर असतां त्याचा अश्वसेनाधिपति फेबिअस रुलिअॅनस यानें आज्ञा मोडून लढाई दिली व जिंकलीही. पापिरिअसानें त्यास देहान्त शिक्षा देण्याचा हट्ट धरला. सर्व रोम गयावया करूं लागलें, तेव्हां कोठें फेबिअस वांचला. पुढें तोच फेबिअस कॉन्सल होऊन लढाईवर असतां दुसरें संकट आलें, आणि पापिरिअसासच डिक्टेटर नेमावें अशी विनंति घेऊन सीनेटचे दूत त्याजकडे गेले. लिव्ही सांगतो कीं, फेबिअस जमिनीकडे दृष्टि लावून ऐकत राहिला व एक शब्द न बोलतां आंत गेला. मग रात्रीं, रिवाजाप्रमाणें, त्यानें आपल्या वैऱ्याचें नांव उच्चारलें. दूतांनीं आभार मानले, तरी तो मुकाच राहिला. ज्या सत्तेनें आपला जीव घेतला असता, ती त्याच माणसाच्या हातीं आपल्याच मुखानें द्यावयाची, हें कायद्याच्या कलमानें साधत नाहीं. त्यास पिढ्यान् पिढ्यांचें वळण लागतें.

४. कार्यपरत्वें भेद. प्रत्येक डिक्टेटर युद्धासाठींच नेमीत असें नाहीं. निवडणुका घेणें, उत्सव करणें, खेळ भरविणें अशा कामांसाठींही तो नेमीत. कारण त्या विधींस उच्च अधिकारी लागे व कॉन्सल दूर मोहिमेवर असत. यांतील सर्वांत चमत्कारिक काम म्हणजे देवळांत खिळा ठोकणें. इ. स. पू. ३६३ मध्यें मरीच्या सांथीनें शहर जेरीस आलें, तेव्हां पूर्वीं एकदां डिक्टेटरानें खिळा ठोकल्यावर रोग शमला होता अशी आठवण म्हाताऱ्यांस झाली, व त्या एवढ्याच कामासाठीं मॅन्लिअस यास नेमण्यांत आलें. या ठिकाणीं लिव्ही एका पुरातन कायद्याचा उल्लेख करतो. तो जुन्या अक्षरांत व जुन्या शब्दांत लिहिलेला असून, श्रेष्ठ अधिकाऱ्यानें सप्टेंबरच्या मध्यास ज्युपिटरच्या मंदिरांत खिळा ठोकावा असें त्यांत होतें. लेखन विरळ असलेल्या काळीं हे खिळे वर्षगणनेचें साधन होते, आणि एट्रुरिअन लोकांच्या व्होल्सिनी गांवीं नॉर्टिआ देवीच्या देवळांतही असे खिळे दिसत, असें तो सिन्सिअस नामक शोधकाच्या आधारानें सांगतो. भिंतींतील खिळ्यांची रांग हीच ज्यांची शकावली, त्यांच्या आरंभींच्या सालांवर किती भार टाकावा, हें वाचकांनींच ठरवावें. पहिला डिक्टेटर कोण व कोणत्या सालीं, याविषयीं आपल्यापुढील ग्रंथांत एकमत नाहीं, अशी कबुली लिव्हीनेंच दिली आहे.

५. पहिला विरोध : पाषाणावरील यादी. ऑगस्टसच्या काळीं संगमरवरावर कोरलेली रोमन अधिकाऱ्यांची मोठी यादी रोमच्या फोरममध्यें १५४६–४७ सालीं उकरून निघाली व आज ती कॅपिटोलाइन संग्रहालयांत आहे. या यादींत इ. स. पू. ३३३, ३२४, ३०९ व ३०१ हीं चार वर्षें अशीं दाखविलीं आहेत कीं, त्यांत कॉन्सलच नाहींत; सबंध वर्ष डिक्टेटर व अश्वसेनाधिपति यांच्या नांवावर घातलें आहे. यांपैकीं ३२४ व ३०९ हीं वर्षें वर सांगितलेल्या पापिरिअसाच्याच नांवावर आहेत. लिव्हीस हीं वर्षें ठाऊक नाहींत, डायोडोरसासही नाहींत. सहा महिन्यांची मुदत सर्वमान्य असतां वर्षभराचा डिक्टेटर यावा कोठून? कालगणनेंतील खळगा भरून काढण्यासाठीं हीं वर्षें मागाहून घुसडलीं, असें बहुतेक संशोधक मानतात. सीझर यानें वर्षभराची डिक्टेटरी स्वीकारली, तिला पूर्वाधार हवा म्हणून तीं त्याच सुमारास कल्पिलीं गेलीं असावींत, असेंही एक मत आहे. हेतु कोणताही असो, सरकारी यादी, तीही दगडावरची, आणि तरी ती येथें ग्राह्य नाहीं.

६. दुसरा विरोध : मिनुसिअसाचा लेख. इ. स. पू. २१७ मध्यें हॅनिबलानें ट्रासिमिन सरोवरापाशीं एका कॉन्सलास सैन्यासह बुडविलें. दुसरा कॉन्सल दूर होता. म्हणून लोकांनींच फेबिअस मॅक्झिमस यास डिक्टेटर व मार्कस मिनुसिअस यास अश्वसेनाधिपति केलें. फेबिअसाच्या कालहरणाच्या धोरणास कंटाळून पुढें लोकांनीं मिनुसिअसास त्याच्या बरोबरीचा अधिकार दिला. मिनुसिअस लवकरच हॅनिबलाच्या सांपळ्यांत सांपडला, फेबिअसानें त्यास सोडविलें, आणि त्यानें फेबिअसास पिता म्हणून आपला अधिकार परत केला.

आतां, मिनुसिअस डिक्टेटर झाला होता काय? पॉलिबिअस हा या ग्रंथकारांत काळानें सर्वांत जवळचा. तो म्हणतो, एकाच कामास दोन डिक्टेटर झाले. लिव्ही फक्त अधिकार समान झाला एवढेंच म्हणतो. शिवाय पुढील वर्षीं, कॅनीच्या संहारानंतर, सीनेटांतील रिकाम्या जागा भरण्यासाठीं बुटेओ याची दुसरा डिक्टेटर म्हणून नेमणूक झाली, तेव्हां एका वेळीं दोन डिक्टेटर हें पूर्वीं कधीं घडलें नाहीं, असें लिव्ही त्याच्या तोंडीं घालतो. (या बुटेओनें १७७ सभासद नेमून लगेच पद सोडलें.) आरेत्सो येथें सांपडलेला फेबिअसाच्या गौरवाचा लेखही मिनुसिअसाचा अधिकार समान केल्याचें सांगतो, पण त्यास अश्वसेनाधिपतीच म्हणतो.

असें असतां १८६२ सालीं रोमच्या तटाबाहेर, सान लोरेंझोच्या चर्चजवळ, हर्क्युलीसास अर्पण केलेला एक दगड सांपडला. त्यावर गायसपुत्र मार्कस मिनुसिअस, डिक्टेटर, यानें हा नवस केला, इतकाच मजकूर जुन्या वळणाच्या लॅटिनमध्यें आहे. यावर एक आक्षेप संभवतो. प्लूटार्क एका मिनुसिअस डिक्टेटराची गोष्ट सांगतो : त्यानें फ्लॅमिनिअस यास अश्वसेनाधिपति नेमलें, इतक्यांत उंदीर चिरकला, व अपशकुन म्हणून दोघांसही काढण्यांत आलें. ही गोष्ट २१७ च्या पूर्वींची; तेव्हां दगड त्या वेळचा कां नसावा? पण हीच गोष्ट व्हॅलेरिअस मॅक्झिमस यानें फेबिअसावर सांगितली आहे, म्हणून तिजवर भिस्त ठेवतां येत नाहीं. शिवाय उंदराच्या चिरकण्यासरशीं ज्याचें पद गेलें, त्यास डिक्टेटर या नात्यानें नवस बोलण्यास अवसर कोठला? नवस हा रणांगणावरचा असणें अधिक संभवनीय. म्हणून हा दगड २१७ चाच, व पॉलिबिअस बरोबर, असें आम्हांस वाटतें. तथापि यावरून सिद्ध काय होतें तें नेमकें सांगितलें पाहिजे. मिनुसिअस स्वतःस डिक्टेटर म्हणवीत होता, एवढेंच सिद्ध होतें. फेबिअसाच्या पक्षानें तें मान्य केलें होतें काय, हें दगड सांगत नाहीं. उलट खुद्द फेबिअसही खरा डिक्टेटर नव्हता, कॉन्सलानें नेमला नाहीं म्हणून तो डिक्टेटराच्या ऐवजीं काम पाहणारा होता, आणि वंशजांनीं त्याच्या प्रतिमेखालील पदवी फुगविली, असा लिव्हीचा शेरा आहे. दगड खोटें बोलत नाहीं म्हणतात. पण दगडावर लिहविणारा मनुष्यच असतो.

७. पदाचा शेवट. इ. स. पू. २०२ नंतर सुमारें एकशेंवीस वर्षें कोणीही डिक्टेटर झाला नाहीं. ८२ मध्यें सुलानें नांव तेंच घेऊन मुदतीची मर्यादा उडविली व वध्य माणसांच्या याद्या चव्हाट्यावर लावल्या. पण शेवटीं त्यानें पद सोडलें. सीझर ४९ मध्यें प्रथम अकरा दिवस डिक्टेटर होता. ४८ मध्यें तो वर्षाचा, ४६ मध्यें दहा वर्षांचा, व ४४ च्या आरंभीं आजन्म डिक्टेटर झाला. ही शेवटची पदवी त्याच्या नाण्यांवर आजही वाचतां येते. १५ मार्च रोजीं त्याचा वध झाला व त्याच वर्षीं अँटनीनें कायदा करून हें पदच नष्ट केलें. २२ मध्यें लोकांनीं तें ऑगस्टसास देऊं केलें असतां त्यानें नाकारलें, आणि ही गोष्ट त्याच्या आत्मवृत्ताच्या लेखांत अंकारा येथील मंदिराच्या भिंतीवर कोरलेली आहे. नांव नाकारून त्यानें सत्ता मात्र हातीं ठेवली.

८. सारांश, सिन्सिनॅटस व सीझर यांस एकाच शब्दानें संबोधणें हें नांवापुरतें खरें आहे. मुदत, काम व नेमणारा दुसरा, या तीन गोष्टींनीं जुना डिक्टेटर बांधलेला होता. त्या सुटतांच पद उरलें नाहीं, नांव उरलें. साधनांविषयींही हाच बोध आहे. कोरलेली यादी येथें खोटी ठरली, आणि एका पराभूत सेनापतीचा वेडावांकडा नवस पुष्कळ अंशीं खरा ठरला. आपल्या संग्रहांतील शकावल्या, करीने व बखरी तपासतांना कागद जुना कीं नवा याबरोबरच तो कोणीं, केव्हां व कोणत्या गरजेनें लिहविला, हें प्रत्येक नोंदीपुरतें विचारलें पाहिजे.