फिरते ते झिजतेच?

विजेच्या साठवणीचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बॅटरीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. गरगर फिरणारे चाक (फ्लायव्हील) किंवा डोंगरावर चढवलेले पाणी ही मागच्या शतकाची साधने मानली जातात. त्यांत हलणारे भाग आले. हलणारा भाग म्हणजे घर्षण, घर्षण म्हणजे झीज, झीज म्हणजे देखभालीचा कायमचा खर्च. बॅटरी मात्र मुकाट एका जागी बसून काम करते. हा पूर्वपक्ष इंजिनिअरिंग शिकलेल्यांच्या तोंडूनही सर्रास ऐकू येतो, म्हणून त्याचा नीट समाचार घ्यायला हवा.

बॅटरीत काही हलत नाही, हेच मुळात खरे नाही. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात आणि ग्रॅफाइट सुमारे १० टक्के फुगते. डिस्चार्ज होताना पुन्हा आक्रसते. दर चक्रात हेच. कणांना तडे जातात, त्यांच्यावरचे पुट जाड होत जाते, क्षमता घटते. हीसुद्धा झीजच आहे. ती बाहेरून दिसत नाही आणि सेल उघडून दुरुस्तही करता येत नाही, एवढेच.

आता फिरत्या भागाकडे वळू. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या होल्टवुड जलविद्युत केंद्रात १९१२ साली आल्बर्ट किंग्जबरी यांचे थ्रस्ट बेअरिंग बसले. शाफ्ट उभा; टर्बाइन, जनित्राचा फिरता भाग आणि पाण्याचा रेटा मिळून सुमारे २०० टनांचा भार त्या एका बेअरिंगवर. किंग्जबरींनी आधाराला अखंड चकती न देता सुटे पॅड दिले, प्रत्येक आपल्या टेकूवर किंचित कलू शकेल असा. शाफ्ट फिरू लागला की तेल आपोआप त्या कललेल्या फटीत ओढले जाते, तिथे दाब तयार होतो आणि तेवढा सगळा भार तेलावर उचलला जातो. हा थर केसाहून पातळ असतो. पण तो टिकला की धातूला धातू लागतच नाही, मग झिजणार काय? ते बेअरिंग पुढे कित्येक दशके चालले. हे साधायचे तर फिरत्या चकतीचा सपाटपणा तेलाच्या थराहूनही बारीक मापात राखावा लागतो. खरी कारागिरी इथे आहे, आणि ‘जुनाट लोखंडी काम’ म्हणणाऱ्यांच्या नजरेतून नेमकी हीच सुटते.

आपल्या घाटघरच्या पाणी चढवून वीज साठवणाऱ्या केंद्रात अशा बेअरिंगचा कस आणखी लागतो. प्रवरेवर वरचे धरण, सह्याद्रीच्या कड्याखाली दुसरे, आणि १२५ मेगावॉटचे दोन संच. तेच यंत्र एका दिशेने फिरले की टर्बाइन, उलट फिरले की पंप. एकाच दिशेच्या यंत्रात पॅडचा टेकू मध्यापासून थोडा सरकवून तेलाचा थर सुधारता येतो. दोन्हीकडे फिरणाऱ्या यंत्रात ही सवलत नाही.

फ्लायव्हीलबद्दल तर गैरसमज उलट्या टोकाचा आहे: चाक जितके जड तितकी साठवण जास्त. प्रत्यक्षात वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, पण चाक फाडू पाहणारा ताणही चौपट होतो. म्हणून दर किलोमागे किती ऊर्जा मावेल, हे पदार्थाची ताकद भागिले घनता यावर ठरते. पोलादाला कार्बन फायबर मागे टाकते ते यामुळे. मात्र वेगाची किंमत मोजावी लागते. मिनिटाला १६,००० फेरे घेणाऱ्या चाकावर, मध्यापासून ३० सेंटिमीटरवर एक ग्रॅम वजन जास्त राहिले, तर त्याची ओढ सुमारे ८५ किलो वजनाइतकी होते आणि सेकंदाला २६६ वेळा गोल फिरते. म्हणून बॅलन्सिंग ग्रॅमच्या अंशात करावे लागते. चाक निर्वातात ठेवून त्याचा भार चुंबकावर तोलतात.

बीकन पॉवर कंपनीने २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्टीफनटाउन इथे अशी २०० चाके बसवली आणि त्याच वर्षी तिचे दिवाळे निघाले, हा दाखला प्रतिपक्ष हमखास देतो. तो खरा आहे. पण दिवाळे निघाले ते कंपनीचे. नव्या मालकाकडे ते केंद्र चालू राहिले. त्याचे काम रात्रभर वीज पुरवण्याचे नव्हतेच. ग्रिडची वारंवारिता सेकंदासेकंदाला सावरण्याचे होते, आणि दिवसभर अशी भर-उपस करताना बॅटरीचे आयुष्य सरत जाते.

प्रतिपक्षाच्या दोन गोष्टी मात्र मान्य करायलाच हव्यात. चाकातली वीज तासागणिक गळते. रात्रीसाठी ते निरुपयोगी. आणि पाण्यात ऊर्जा विरळ असते: १,००० लिटर पाणी ४०० मीटर चढवले तरी जेमतेम एक युनिट साठते. म्हणून त्याला डोंगर लागतो, जमीन लागते, आणि त्या जमिनीवर माणसे राहत असतात. हा आक्षेप झिजेच्या आक्षेपापेक्षा कितीतरी वजनदार आहे. विरोध करायचा तर या मुद्द्यावर करावा.

चाकाला मात्र आणखी एक काम आहे. आयर्लंडमध्ये मनीपॉइंटच्या कोळसा केंद्राच्या आवारात २०२२ साली एक प्रचंड फ्लायव्हील सुरू झाले. सौर आणि पवनविजेचा वाटा वाढला की औष्णिक केंद्रांचे अवजड रोटर ग्रिडवरून हटतात आणि त्यांच्या फिरण्यातले जडत्वही जाते. ते परत आणण्यासाठी हे चाक. बॅटरीही इलेक्ट्रॉनिक्सच्या जोरावर तशी नक्कल करते, पण तिला सहसा आधी बिघाड मोजावा लागतो. फिरत्या वस्तुमानाला मोजमापाची गरजच नसते.