कात्रीच्या आधीचं संकलन

आज संकलन शिकायचं म्हटलं की मोबाइलवर ॲप उघडायचं, दोन तुकडे जोडायचे, झालं! १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले, तेव्हा आपल्याकडे हे शिकवणारी शाळाच नव्हती. मग त्र्यंबकेश्वरला जन्मलेला हा माणूस संकलन शिकला कुठे?

माझं उत्तर आहे : कुंडीत. फाळक्यांनी वाटाण्याचं रोप लावलं आणि रोज थोड्या थोड्या चौकटी टिपल्या. सलग दाखवल्यावर पडद्यावर रोप भराभर वाढताना दिसलं. मधले तास गाळले तरी पाहणाऱ्याचं मन ते भरून काढतं, हा संकलनाचा पहिला धडा. इथे कात्री लागलीच नाही, काटछाट कॅमेऱ्यातच झाली. हीच फिल्म दाखवून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'साठी (१९१३) भांडवल उभं केलं.

दुसरा धडा चमत्काराचा. कॅमेरा थांबवायचा, नटांना जागच्या जागी उभं ठेवायचं, एखादी वस्तू किंवा माणूस हलवायचा आणि पुन्हा हँडल फिरवायचं. पडद्यावर देव प्रकट! फ्रान्समध्ये मेलिएस हे आधीपासून करत होता. आपल्या पौराणिक कथांना ही युक्ती अगदी फिट्ट बसली.

तिसरा धडा नाशिकचा. 'राजा हरिश्चंद्र'नंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. पुढे १९१८ मध्ये तिथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. १९१९ चा 'कालिया मर्दन' बघा. कृष्ण पाण्याखाली कालियाशी झुंजतोय आणि काठावर गोकुळातली माणसं कासावीस झालीत. चित्र इकडून तिकडे जातं आणि आपला जीव टांगणीला लागतो. इथे दोन जागा जोडून ताण तयार केलाय. कृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.

आता मुद्द्याची गोष्ट. कच्ची फिल्म यायची ती कडेला भोकं न पाडलेली. अंधारात बसून ती भोकं पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, ही कामं सरस्वतीबाई फाळके करत. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी दादरच्या घरातलं स्वयंपाकघरच रात्री डार्करूम व्हायचं. दिवसा तिथेच युनिटचा स्वयंपाक. हल्ली सरस्वतीबाईंना भारतातल्या पहिल्या संकलक म्हणतात. मला वाटतं, आधी विचारायला हवं की तेव्हा संकलन म्हणजे नेमकं काय होतं. ते एका टेबलावर, एका माणसाच्या हातून होतच नव्हतं. थोडं कॅमेऱ्याच्या हँडलवर, थोडं अंधाऱ्या खोलीत. भोकं वेडीवाकडी पडली तर चित्र पडद्यावर थरथरणार, मग जोड कितीही नेटका असो, काय उपयोग?

म्हणून चित्रपटसृष्टीच्या जनकाची गोष्ट एकट्या फाळक्यांची म्हणून सांगितली की निम्मं तंत्रच गळून पडतं. वाटाण्याच्या फिल्ममध्ये गाळलेले तास प्रेक्षक मनानं भरून काढतो. इतिहासात गाळलेली माणसं मात्र आपोआप भरून निघत नाहीत. त्यांना शोधावं लागतं.