एएनसीच्या चार भेटी : हा आकडा आला कुठून?

मातांच्या आरोग्यावर पीएच.डी. करायचं ठरवलंत की पहिल्या महिन्यातच एक व्हेरिएबल तुमच्या गळ्यात पडतं : ‘किमान चार एएनसी भेटी झाल्या का? हो / नाही.’ एएनसी म्हणजे अँटीनेटल केअर, गरोदरपणातली तपासणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या डेटात हे व्हेरिएबल आयतं मिळतं. २०१५-१६च्या चौथ्या फेरीत देशातल्या ५१.२ टक्के मातांच्या चार किंवा जास्त भेटी झाल्या होत्या, २०१९-२१च्या पाचव्या फेरीत ५८.१ टक्के. मग प्रबंधात वाक्य येतं, ‘सेवेच्या गुणवत्तेत सुधारणा दिसते.’

इथे जरा थांबा. चारच का? सात का नाहीत, अकरा का नाहीत? आणि त्या भेटीत बीपी घेतलं की नुसतं कार्डावर शिक्का मारून घरी पाठवलं, हे या आकड्यात कुठे दिसतं? याचं उत्तर शोधायला आपल्याला शंभरएक वर्षं मागे जावं लागेल. सायन्सवाल्यांना इतिहासाचा कंटाळा असतो हे मान्य, पण आपली व्हेरिएबल्स कुणीतरी, कधीतरी, कशासाठी तरी ठरवलेली असतात. ते माहीत असलं की रिग्रेशन चालवताना हात जरा सावध होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातही सुईण किंवा डॉक्टर यायचे ते कळा सुरू झाल्यावर. आधीचे नऊ महिने म्हणजे घरातली बाब. एडिंबरोचे जॉन बॅलंटाइन यांनी १९०१ साली गरोदर बायकांसाठी, बाळंतपणाच्या आधीच्या काळासाठी, वेगळी रुग्णालयं हवीत असा लेख लिहिला. गंमत म्हणजे बॅलंटाइन यांचा खरा अभ्यास गर्भातल्या व्यंगांचा. म्हणजे सुरुवातीपासून नजर पोटातल्या बाळावर, आई त्यामागे. हे लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

मग १९२९ साल. ब्रिटनच्या आरोग्य मंत्रालयाने गरोदर स्त्रियांच्या दवाखान्यांसाठी एक परिपत्रक काढलं. मंत्रालयातलं माता-बालकांचं काम त्या वेळी डॉ. जॅनेट कॅम्पबेल पाहत होत्या. पहिली तपासणी १६व्या आठवड्यात, मग २४ आणि २८व्या, तिथून ३६व्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, आणि पुढे दर आठवड्याला. बेरीज केली तर साधारण अकरा भेटी. हे वेळापत्रक जगभर पसरलं आणि पाऊण शतक टिकलं. पण हेच आठवडे का, याचं कारण त्या परिपत्रकात दिलेलंच नाही. शेवटी-शेवटी भेटी जवळ आणण्यामागचा तर्क आपण लावू शकतो : रक्तदाब वाढणं, लघवीत प्रथिनं जाणं, मग झटके येणं हे सगळं बहुधा शेवटच्या तिमाहीत होतं. तर्क चांगला आहे, पण तपासून पाहिलेला नव्हता.

दवाखाने वाढले, बायका यायला लागल्या. मातामृत्यू मात्र हलायला तयार नव्हते. इंग्लंड-वेल्समध्ये शतकाच्या सुरुवातीपासून १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत दर हजार जन्मांमागे साधारण चार माता दगावत होत्या. १९३४ साली तर आकडा थोडा चढलाच. आणि मग, दोन-तीन वर्षांत, तो घसरायला लागला. कशामुळे? मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण होतं बाळंतज्वर, म्हणजे प्रसूतीच्या वेळी किंवा नंतर झालेला जंतुसंसर्ग. त्यावर १९३५ साली सल्फा गटातलं पहिलं औषध, प्राँटोसिल, आलं. लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात लेनर्ड कोलब्रुक आणि सहकाऱ्यांनी १९३६ साली ते बाळंतिणींवर वापरून दाखवलं. पुढे पेनिसिलिन आलं, रक्त देण्याची सोय सुधारली. आयर्विन लाउडन या इतिहासकाराने हा सगळा प्रवास आकड्यांनिशी मांडला आहे, ग्रंथालयात मिळालं तर त्याचं पुस्तक जरूर चाळा. सहाव्या महिन्यात कितीही नीट पोट तपासलं तरी बाळंतपणात होणारा जंतुसंसर्ग त्यातून कळणार नव्हता. तपासणी एका जागी चालू होती, मरण दुसऱ्या जागी होतं.

म्हणजे एएनसी निरुपयोगी? घाईने असा निष्कर्ष काढू नका. त्याच सुमाराला आपल्या मुंबईत काय चाललं होतं बघा. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली. डॉ. मार्गारेट बॅलफोर यांनी कापड गिरण्यांमधल्या गरोदर कामगार बायकांमध्ये एक जीवघेणा ॲनिमिया पाहिला होता, त्याचा शोध घ्यायला. परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू झालं. आधी जंतू असतील का ते पाहिलं, मग आहार. गरिबीतलं निकस अन्न हा धागा हाती लागला. माकडांवर प्रयोग झाले, आणि मार्माइट या यीस्टपासून बनवलेल्या स्वस्त पदार्थाने ॲनिमिया बरा होतो हे विल्सने दाखवलं. तिचा लेख १९३१चा. त्यातला तो अज्ञात घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. आज आशाताई देतात त्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळीतलं अर्धं नाव परळमधून आलंय असं म्हटलं तरी चालेल.

इथे जोखीम घटकाचा एक अर्थ आहे : असा घटक, जो सापडला तर त्यावर काही करता येतं. ॲनिमिया, वाढलेलं बीपी, सिफिलिस हे त्यातले. दुसरा अर्थ वेगळा आहे, आणि त्याने बराच गोंधळ घातला.

१९७८ साली जागतिक आरोग्य संघटनेने ‘रिस्क ॲप्रोच’ मांडला. सगळ्यांना सगळं देता येत नाही, म्हणून गरोदर बायकांमधून धोक्याच्या बायका निवडा आणि त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या. वय फार कमी किंवा जास्त, उंची कमी, पहिलं बाळंतपण, चार-पाचांनंतरचं बाळंतपण, आधीचं सिझेरियन अशा याद्या झाल्या. ऐकायला एकदम पटतं. पण त्या वेळच्या झैरेमधल्या, म्हणजे आजच्या काँगोमधल्या, कासोंगो प्रकल्पातले आकडे १९८४ साली आले. ज्या बायका बाळंतपणात अडल्या, त्यांच्यापैकी ७१ टक्के बायकांना आधी ‘धोक्याची’ म्हटलंच नव्हतं. आणि जिला धोक्याची म्हटलं होतं, अशांपैकी ९० टक्के व्यवस्थित बाळंत झाल्या.

हे कसं शक्य आहे? वहीत करून बघा. समजा १००० गरोदर बायका आहेत आणि २० जणींना एखादी गंभीर गुंतागुंत होणार आहे. तुमची चाळणी बऱ्यापैकी चांगली आहे : होणाऱ्यांपैकी ७० टक्के पकडते, न होणाऱ्यांपैकी ८० टक्के सोडून देते. पकडल्या गेल्या १४, सुटल्या ६. उरलेल्या ९८० पैकी २० टक्के, म्हणजे १९६ जणींवर उगाच शिक्का बसला. एकूण २१० बायका तालुक्याला पाठवल्या, त्यातल्या खऱ्या १४. शंभरात सातही नाहीत. चाळणीत खोट काढायची गरजच नाही, घटनाच विरळ आहे. आता दुसरी बाजू बघा : ज्या ६ जणींना ‘नॉर्मल’ सांगून घरी पाठवलं, त्या निर्धास्त आहेत. गाडी ठरवलेली नाही, पैसे बाजूला काढलेले नाहीत, रक्त कोण देणार माहीत नाही. पेपर वाचताना ऑड्स रेशो २.५ आणि पी-व्हॅल्यू ०.००१ दिसली की आपण खूश होतो. पण ऑड्स रेशोवरून कोण अडणार हे सांगता येत नाही. हा फरक तुम्ही मुलाखतीत नीट सांगितलात तर समोरचे प्राध्यापक पेन खाली ठेवून ऐकतील.

१९८५ साली ॲलन रोझेनफील्ड आणि डेबरा मेन यांनी लॅन्सेटमध्ये विचारलं की माता-बाल आरोग्यातली माता आहे कुठे? बॅलंटाइनपासूनची ती नजर आठवा. त्यांचं म्हणणं असं की बहुतेक मृत्यू रक्तस्राव, अडलेलं बाळंतपण, जंतुसंसर्ग यांनी होतात, कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकीच्या आवाक्यात तातडीची सोय हवी. १९९४ साली थॅडियस आणि मेन यांनी तीन उशिरांची मांडणी केली : घरात निर्णय घ्यायला उशीर, दवाखान्यात पोचायला उशीर, पोचल्यावर उपचार मिळायला उशीर. पहिले दोन आपण लोकांच्या माथी मारतो. तिसरा आपल्या यंत्रणेचा आहे, आणि त्यावर प्रबंध कमी निघतात.

आता चार. १९२९चं वेळापत्रक गरीब देशांत पाळणं शक्य नव्हतं, आणि त्याला पुरावाही नव्हता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अर्जेंटिना, क्यूबा, सौदी अरेबिया आणि थायलंडमधल्या ५३ दवाखान्यांत रँडमाइज्ड ट्रायल घेतली. इथे दवाखाने रँडमाइज केले होते, बायका नव्हे. २४ हजारांवर बायका. नव्या पद्धतीत भेटी कमी, पण प्रत्येक भेटीत काय करायचं ते पक्कं ठरवलेलं. मध्यक भेटी पाच विरुद्ध आठ. २००१ साली निकाल आले : कमी वजनाचं बाळ, प्री-एक्लॅम्प्सिया, बाळंतपणानंतरचा तीव्र ॲनिमिया यांत मोठा फरक नाही. त्यावरून चार भेटींचं मॉडेल आलं. मूळ विचार ‘कमी भेटी, पण भरीव भेटी’ असा होता. अहवालांमध्ये पोचेपर्यंत त्यातला ‘भरीव’ गळला आणि ‘चार’ उरला, कारण चार मोजता येतात.

गोष्ट तिथेही संपली नाही. त्याच ट्रायलचा डेटा पुन्हा तपासला गेला. २०१३ साली छापून आलं की कमी भेटींच्या गटात ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान गर्भमृत्यू जास्त दिसतात. मॉडेलमध्ये नेमका तिथेच लांब खंड होता. २०१६ साली संघटनेने चारचे आठ केले, ३०व्या आठवड्यानंतर भेटी वाढवल्या, आणि ‘व्हिजिट’ऐवजी ‘कॉन्टॅक्ट’ शब्द घेतला. नुसतं दवाखान्यात येणं वेगळं, तिच्याशी खरोखर काही बोलणं-तपासणं वेगळं, असा त्यामागचा विचार. जुना डेटा जपून ठेवणाऱ्या आणि तो परत उघडू देणाऱ्या लोकांचे आभार मानायला हवेत.

तुमच्या विश्लेषणासाठी एक खाचखळगा सांगतो. ३१व्या आठवड्यात बाळंत झालेल्या बाईच्या आठ भेटी होणारच कशा? ‘कमी भेटी म्हणून अपुऱ्या दिवसांचं बाळ’ असा निष्कर्ष काढाल तर कारण आणि परिणाम उलटे लागतील. उलट, जिचं बीपी वाढलंय तिला वारंवार बोलावतात, म्हणजे ‘जास्त भेटी, जास्त गुंतागुंत’ असंही दिसेल. अमेरिकेत १९७३चा केसनर निर्देशांक आणि १९९४चा कोटेलचुक निर्देशांक यांनी गर्भाच्या आठवड्यांनुसार अपेक्षित भेटी काढून पहिली अडचण बरीच सोडवली. पण कोटेलचुक यांनी आपल्या निर्देशांकाच्या नावात ‘युटिलायझेशन’ हा शब्द ठेवला होता, कारण त्यात सेवेचा वापर मोजला जातो, दर्जा नाही. आपण तो शब्द गाळून वापरतो.

दर्जासाठी काय घ्यायचं? राष्ट्रीय सर्वेक्षणातच बीपी घेतलं का, वजन केलं का, रक्त-लघवी तपासली का, पोट तपासलं का, धोक्याची लक्षणं सांगितली का, असे प्रश्न आहेत. चार भेटी झालेल्यांपैकी किती जणींना हे सगळं मिळालं ते वेगळं काढा. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात जोखमीच्या गरोदर बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. स्टिकरनंतर तिचं काय झालं, ती कुठे पोचली, किती वेळात पोचली, हा एक चांगला प्रश्न अजून कुणीतरी घ्यायला हवाय.

फील्डवर कार्डं हातात आलीच तर एक सोपी तपासणी करा. बीपीच्या नोंदींमधला शेवटचा अंक मोजा. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या अंतराने असतात, म्हणजे शून्य साधारण पाचातून एकदा यायला हवा. डिजिटल यंत्रावर दहातून एकदा. सलग पंचवीस कार्डांवर ११०/७० आणि १२०/८० दिसलं, तर चार भेटींच्या रकान्यातल्या ‘हो’ला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्हाला कळेल.