पाणगवताची होडी

पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर, पोर्तूच्या दक्षिणेला आवेइरो हे छोटं शहर आहे. आगगाडीतून उतरलेला पाहुणा बहुधा थेट मधल्या कालव्याकडे चालू लागतो आणि तिकीट काढून एका भडक रंगाच्या लांबोळ्या होडीत जाऊन बसतो. मग मासळीबाजार, मिठाची कोठारं, कालव्याकाठच्या नक्षीदार कमानींच्या शंभरेक वर्षं जुन्या इमारती आणि पूर्वीच्या कौलांच्या कारखान्याची लाल विटांची भिंत असं सगळं बसल्याजागी बघून होतं. पर्यटनवाले या शहराला ‘पोर्तुगालचं व्हेनिस’ म्हणतात. मला ही उपमा आळशी वाटते. व्हेनिसचा गोंडोला पहिल्यापासून माणसांसाठी, त्यातही ऐपतदार माणसांसाठी होता. आवेइरोची मोलिसेइरो मात्र खताची होडी. आज जिथे पाहुणे मांडीवर कॅमेरा घेऊन बसतात, तिथे पूर्वी पाण्यातून उपसलेल्या ओल्या गवताचा ढीग असायचा.

या होडीचा मागोवा घ्यायचा तर सुरुवात वाळूपासून करावी लागते. इ.स. 959 मध्ये मुमादोना दियाश या सरदारघराण्यातल्या बाईने केलेल्या दानपत्रात आवेइरोच्या मिठागरांचा उल्लेख आहे. त्या काळी समुद्र आजच्यापेक्षा बराच आत होता. पुढच्या काही शतकांत लाटांनी किनाऱ्याला समांतर वाळूचे दांडे उभे केले, व्होगा नदीचं पाणी त्यांच्यामागे अडलं आणि उथळ, फाटे फुटलेलं एक मोठं खाजण तयार झालं. त्याला तिथे रिया म्हणतात. लांबी साधारण 45 किलोमीटर. समुद्राशी जोडणारं त्याचं मुख मात्र एका जागी टिकेना. वाळू सरकली की तेही सरकायचं, अरुंद व्हायचं, गाळाने भरायचं. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते इतकं बुजत गेलं की मोठी जहाजं येईनाशी झाली. मिठागरं बुडाली, साचलेल्या पाण्यामुळे हिवताप पसरला आणि लोक गाव सोडून जाऊ लागले. 1759 मध्ये राजाने आवेइरोला ‘शहर’ हा दर्जा दिला, तो नेमका या पडत्या काळात. पोट रिकामं असताना मिळालेली पदवी म्हणायची.

अखेर 1802 मध्ये रेनाल्दो उदिनो आणि लुईश गोमेश द कार्व्हाल्यो या अभियंत्यांच्या आराखड्यावर काम सुरू झालं. बांध घालायला दगड हवा होता, म्हणून शहराचा मध्ययुगीन तटच उतरवण्यात आला. 3 एप्रिल 1808 रोजी मुख फोडलं आणि अडलेलं पाणी समुद्राकडे धावलं. आज आवेइरोत तट शोधायला गेलेल्या इतिहासप्रेमी माणसाची निराशा होते. पण त्या दगडांनी शहराचं रक्षण तटात असताना केलं नसेल इतकं पाण्यात पडून केलं, असं माझं मत आहे.

आता रियात रोज भरती-ओहोटी खेळू लागली. खारं आणि गोडं पाणी मिसळलं. उथळ तळाशी ऊन पोहोचत होतं, तिथे पाणगवताची कुरणं होती. या गवताला मोलिसो म्हणतात. ते काढण्याची रीत आधीपासूनची, पण तिचा खरा भर एकोणिसाव्या शतकातला आणि विसाव्याच्या पूर्वार्धातला. कारण काठावरची जमीन. गाफान्या आणि गांदारा हे पट्टे म्हणजे निव्वळ वाळू, तिच्यात पाणी थांबत नाही आणि कसही नाही. त्या वाळूत वर्षानुवर्षं मोलिसो कालवून शेतकऱ्यांनी मका, बटाटा आणि घेवडा पिकवला. माती तिथे आयती नव्हती, ती होडीतून आली. गवताचं मोल इतकं होतं की ते पुन्हा वाढावं म्हणून वर्षातले काही महिने तोडणीवर बंदी असे.

या कामाने होडीला तिचा आकार दिला. लांबी सुमारे 15 मीटर, रुंदी जेमतेम अडीच. तळ सपाट, म्हणजे वीतभर पाण्यातूनही जाता यावं. मधल्या भागात कडा इतक्या खाली की भरलेली होडी पाण्याशी जवळजवळ बरोबरीत येते; भिजलेलं गवत फार उंच उचलावं लागू नये हा हेतू. मीठ वाहणाऱ्या होड्यांच्या कडा याच रियात उंच असत, कारण मिठाला पाणी लागून चालत नाही. मोलिसेइरोच्या दोन्ही बाजूंना लांब दात्यांची दाताळी बांधत. शीड वाऱ्यावर सोडलं की ती तळावरून फरपटत जायची आणि गवत ओढून आणायची. वारा पडला तर लांब काठीने रेटायचं, तेही जमेना तर एकाने काठावर उतरून दोरीने ओढायचं. होडीवर बहुधा दोनच माणसं.

बांधणारे सुतार कागदावर नकाशा काढत नसत. त्यांच्याकडे खुणा केलेली एक पट्टी असायची आणि तिच्यावर फळ्यांची सगळी मापं. ती पट्टी म्हणजेच त्या सुताराची विद्या. लाकूड पाइनचं, त्यावर काळ्या डांबराचा लेप. हंसाच्या मानेसारख्या वर वळलेल्या नाळेचं मूळ फिनिशियन खलाशांपर्यंत नेणारे लोक भेटतात. आपल्या होडीला प्राचीन आजोबा असावा असं कुठल्या गावाला वाटत नाही? पण पुरावा दाखवा म्हटलं की गाडी तिथेच थांबते.

या काळ्या होडीवर चार चित्रं असतात: नाळेच्या दोन बाजूंना दोन, पिछाडीला दोन. भोवती फुलापानांची किनार, मध्ये एखादा संत, राजा, शिपाई किंवा घागरा सावरणारी बाई, आणि खाली एक ओळ. ही ओळ कधी प्रार्थना असते, कधी राजकारण्याला चिमटा, आणि बऱ्याचदा सरळसरळ चावट, दुहेरी अर्थाची. शुद्धलेखन बेताचंच. आपल्याकडच्या ट्रकच्या मागचं वाङ्मय आठवा, जात तीच. ते लिहिलं जायचं ते शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या होडीवाल्याने वाचून हसावं म्हणून. आज तीच ओळ वाचून पर्यटक मार्गदर्शकाला अर्थ विचारतात आणि तो समोर कोण बसलंय ते पाहून भाषांतर करतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे सारं मोडलं. रासायनिक खत पोत्यात मिळू लागलं. होडीवाल्यांच्या मुर्तोझा गावातली तरणी माणसं परदेशी निघाली, कित्येक जण अमेरिकेतल्या न्यूअर्कला जाऊन राहिले. आणि मग गवतच उरलं नाही. बंदरात मोठी जहाजं यावीत म्हणून मुख आणि मार्ग खोल करत गेले, तसा भरतीचा जोर वाढला. गढूळ, वेगवान पाण्यात ती कुरणं टिकली नाहीत. 1808 मध्ये ज्या दारातून मोलिसोची बरकत आली, ते दार आणखी रुंद केल्यावर मोलिसो त्याच वाटेने गेला. होडी खत वाहायची थांबली, याचा दोष सगळेच युरियाला देतात. मला वाटतं, गाळ उपसणाऱ्या यंत्रांचा वाटा त्यात कमी नाही.

पर्यटनाने होडी वाचवली हे खरं, पण कापून वाचवली. शहरातल्या पुलांखालून जाता यावं म्हणून डोलकाठी गेली, नाळ आखूड झाली. शीड गेलं, मोटार आली. आधी इंधनाची आणि अलीकडे विजेची. गवतासाठी खाली ठेवलेल्या कडा मात्र पाहुण्यांना फारच सोयीच्या पडल्या: पाण्याला हात लावता येतो. कालव्यातलं पाणीसुद्धा आता दरवाजांनी अडवून हव्या त्या पातळीवर ठेवतात, त्यामुळे ओहोटीतही फेरी चुकत नाही. शुद्धतावादी नाकं मुरडतात. मी मुरडणार नाही. फेऱ्या नसत्या तर रंगवणारे आणि सुतार यांच्या हाती फारसं काम उरलं नसतं. आजही पट्टीवरून होडी बांधू शकणारे लोक थोडेच आहेत.

ज्यांना डोलकाठीसकट अख्खी मोलिसेइरो बघायची असेल, त्यांनी सप्टेंबरमध्ये सांव पायोच्या जत्रेला तोरेइराला जावं. तिथे शिडाच्या होड्यांची शर्यत लागते. नावाडी बरेचसे म्हातारे, आरडाओरडा भरपूर, आणि वारा पडला तर जत्रेतली भाजलेली सार्डिन खात वाट बघायची.